समितीने पाहिलेली खोली

निवृत्त झाल्यापासून सुभानपुऱ्यातल्या आमच्या सोसायटीत मला एक प्रश्न हमखास येतो. "वृंदाताई, तुम्ही कारखान्यात होतात खऱ्या, पण करत काय होतात?" प्रश्न रास्त आहे. कारखान्यात कुणी यंत्र चालवतं, कुणी माल विकतं, कुणी पगार काढतं. मी दिल्लीला उत्तरं देत असे. एवढं सांगितलं की समोरचा माणूस "अच्छा अच्छा" म्हणतो आणि विषय बदलतो. माझ्या सासूबाई शेजारणींना सरळ सांगत, "आमची सून सरकारला पत्रं लिहिते आणि सरकार तिला." तेव्हा मी हे हसण्यावारी नेत असे. आता वाटतं, माझ्या हुद्द्याचं याहून बरं वर्णन कंपनीलाही कधी जमलं नाही.

तर आधी धंदा समजावून सांगते. आमचा कारखाना केंद्र सरकारचा. सावली रस्त्यावर होता, अजून आहे. नाव सांगत नाही, कारण तिथे अजून माझी माणसं आहेत आणि मला त्यांच्याकडे चहाला जायचं असतं. आम्ही एक पांढरी पावडर बनवत असू, ती रंगांत पडते, रबरात पडते, आणखी कशाकशात पडते. कारखान्याचा मालक सरकार, आणि सरकारला जाब विचारायचा हक्क संसदेचा. म्हणजे दिल्लीत एखाद्या खासदाराने विचारलं की सरकारी कारखान्यांत कंत्राटी कामगारांना सोयी काय आहेत, की तो प्रश्न मंत्रालयात, तिथून आमच्या मुख्य कार्यालयात, तिथून बडोद्याला आणि बडोद्यात माझ्या टेबलावर. सोबत एक ओळ: उत्तर आज संध्याकाळपर्यंत. माझ्या घरी कुणी जेवायला यायचं असलं की प्रश्न आलाच म्हणून समजा.

काही प्रश्नांना मंत्री सभागृहात उभे राहून तोंडी उत्तर देतात, आणि त्यावर खासदार लगेच पुढचा प्रश्न टाकतात. हा पुढचा प्रश्न कुणालाच आधी ठाऊक नसतो. त्यामुळे विचारलेल्याचं उत्तर द्यायचंच, वर न विचारलेल्याचीही तयारी पाठवायची. मुलीच्या लग्नात व्याही काय काय मागतील याचा अंदाज बांधावा, तसलं ते काम. बाकीच्या प्रश्नांना लेखी उत्तर. ते त्या मानाने सोपं.

एकदा कुणा खासदाराने विचारलं, अमुक कारखान्याच्या भोंग्याचा आसपासच्या वस्तीला त्रास होतो हे खरं आहे काय, आणि असल्यास सरकार काय करत आहे? आम्ही सगळे एकमेकांच्या तोंडाकडे बघायला लागलो. कारण आमचा भोंगा कित्येक महिने बंद पडलेला होता. त्रास होत नाही असं लिहावं तर का होत नाही हे सांगावं लागणार, आणि बंद आहे म्हटलं तर सुरक्षेचा दुसरा प्रश्न उभा राहणार. मी लिहिलं, "भोंग्याच्या आवाजाबाबत एकही तक्रार प्राप्त झालेली नाही." अक्षर न् अक्षर खरं! उत्तर दिल्लीला गेलं आणि त्याच आठवड्यात साहेबांनी घाईघाईने भोंगा दुरुस्त करून घेतला. दुसऱ्या दिवसापासून तक्रारी सुरू झाल्या.

अशी वाक्यं करण्यात माझा हातखंडा होता, खोटं कशाला बोलू. खोटं एक अक्षर नाही आणि कामाचंही एक अक्षर नाही, असं उत्तर जमलं की मला पुरणपोळी फाटली नाही की होतो तसला आनंद व्हायचा. "विचाराधीन आहे" हा आमचा हुकमी पत्ता. विचाराधीन म्हणजे हो नव्हे, नाही नव्हे, आणि मुख्य म्हणजे कधी ते नव्हे. एकाच गोष्टीला आम्ही सगळे घाबरायचो. मंत्री चुकून जर बोलून गेले, "हे करू", तर ते आश्वासन ठरतं. मग ते पुरं होईपर्यंत संसद विचारत राहते, काय झालं, काय झालं. मंत्री बदलतात, साहेब बदलतात, आश्वासन मात्र बदलत नाही.

माझे साहेब होते त्रिवेदीसाहेब. पक्के वडोदरिया, स्वभावाने सज्जन, आणि दिल्लीचा फोन वाजला की उभे राहून बोलणारे. "वृंदाबेन, आपणने बस शांति जोईए," असं ते दर आठवड्याला म्हणत. म्हणजे आपल्याला फक्त शांतता हवी. त्यांचं सगळं धोरण या एका वाक्यात आलं.

आता चंपाबेनचं सांगते, कारण खरी गोष्ट तिचीच आहे.

आमच्याकडे पावडरीच्या गोण्यांची तोंडं शिवायला आणि सांडलेली पावडर झाडायला बायका असत. त्या कंपनीच्या नव्हेत, ठेकेदाराच्या. सावलीच्या पलीकडच्या गावांतून छकड्यात, म्हणजे तिकडच्या तीनचाकी टेम्पोत, दाटीवाटीने बसून यायच्या. दुपारपर्यंत सगळ्यांच्या भुवया पांढऱ्या. त्यांची आगेवान, म्हणजे म्होरकी, चंपाबेन. उंच, हडकुळी, आवाज असा की गोण्यांच्या शेडमधून हाक मारली तर गेटवर ऐकू यावी. या बायका शेडमागे वाफेच्या नळांखाली बसून रोटला खायच्या. साडी बदलायची तर गोण्यांच्या थप्पीआड, आणि एकीने पदर धरून उभं राहायचं. अंग दुखलं, पोटात कळ आली, तर टेकायला जागा नाही.

कायदा तेव्हाही होता. कंत्राटी माणसांना विसाव्याची जागा ठेकेदाराने द्यावी, त्याने नाही दिली तर कारखान्याने द्यावी. आता म्हणे जुने कायदे एकत्र करून नव्या संहिता झाल्या आहेत. होवोत बापड्या. कायदा कमी कधीच नव्हता, खोली नव्हती.

मी त्रिवेदीसाहेबांकडे विषय काढला होता. ते म्हणाले, "विचार करूया." चंपाबेन मला रस्त्यात गाठून विचारायची, "बेन, खोलीचं शुं थयुं?" एकदा मी सवयीने म्हणाले, "विचाराधीन आहे." ती कमरेवर हात ठेवून उभी राहिली. म्हणाली, "एटले हा के ना?"

हो की नाही, असं इतकी वर्षं दिल्लीने मला कधी विचारलं नव्हतं. मी म्हटलं, "चंपाबेन, दोन्ही नाही." "तो पछी," ती म्हणाली, "तुम्ही पगार कशाचा घेता?" आणि हसत निघून गेली. मला राग आला. दिवसभर आला. राग आला कारण बाई चूक बोलली नव्हती.

अशात संसदेची एक समिती आमच्याकडे यायची ठरली. समिती म्हणजे दोन्ही सभागृहांतले, वेगवेगळ्या पक्षांचे खासदार. कामगारांचं कसं चाललंय ते स्वतः फिरून बघतात, मग अहवाल देतात, आणि त्या अहवालाला सरकारला उत्तर द्यावं लागतं. येण्याआधी त्यांची प्रश्नावली येते, ही लांबलचक. नेमकी तेव्हा मी तरसालीला भाच्याच्या मुंजीत होते. माझ्या जागी बसलेल्या सहकाऱ्याने आमच्या धंद्याची जुनी रीत पाळली. आमच्यात सगळ्यांत सुरक्षित उत्तर म्हणजे दुसऱ्या कुणीतरी आधी दिलेलं उत्तर. आमच्याच कंपनीच्या दुसऱ्या राज्यातल्या कारखान्याने पूर्वी दिलेली उत्तरं त्याने उचलली, कारखान्याचं नाव बदललं आणि पाठवून दिली. महिला कंत्राटी कामगारांसाठी विश्रामगृह आहे काय? उत्तर: आहे. पंखे, गाद्या व पिण्याच्या पाण्याची सोय आहे.

मी मुंजीचे लाडू घेऊन परत आले तोवर समितीचा कार्यक्रम येऊन धडकला होता. त्यात लिहिलेलं, महिला विश्रामगृहास भेट.

त्रिवेदीसाहेबांनी डोकं धरलं. "वृंदाबेन, आपली शांति गई!"

मग जी धावपळ झाली ती विचारू नका. शेडजवळ एक चांगली हवेशीर खोली होती, पूर्वी तिथे प्रथमोपचार केंद्र होतं, नंतर अधिकाऱ्यांच्या क्लबने टेबलटेनिसला घेतली होती. टेबल उचलून बाहेर व्हरांड्यात उभं केलं. क्लबचे अधिकारी असे सुतकी चेहरे करून फिरत होते की कुणाला वाटावं घरातलंच कुणी गेलं. अतिथिगृहातल्या गाद्या आल्या, पडदे आले, फ्रिजच्या बाटल्या आल्या, कारण नळ जोडायला वेळ नव्हता. गुजराती, हिंदी, इंग्रजी पाटी रंगवली. रंग ओला होता म्हणून कुणी हात लावू नये यासाठी एक माणूस उभा केला.

सगळं झाल्यावर कुणाच्या तरी लक्षात आलं की खोलीत विसावा घ्यायला बायकाच नाहीत. समिती यायच्या दिवशी कंत्राटी माणसं कमी दिसलेली बरी, म्हणून ठेकेदाराने त्या सगळ्यांना घरी राहायला सांगून टाकलं होतं. बिनपगारी, अर्थात. त्रिवेदीसाहेब मला म्हणाले, "तुम्ही आणि ऑफिसच्या बेनो ती ठेकेदाराच्या बायकांची केशरी जाकिटं घालून बसा ना जरा. पाच मिनिटांचा तर प्रश्न आहे."

मी म्हटलं, "साहेब, मी आजवर खूप उत्तरं लिहिली. पण स्वतः उत्तर होऊन बसायला सांगू नका. खऱ्या बायका आणा, नाहीतर खोली रिकामी दाखवा."

साहेबांनी ठेकेदाराला निरोप धाडला. चंपाबेनशी बोलायचं काम माझ्याच गळ्यात पडलं. समिती यायच्या आदल्या दुपारी ती नळांखाली डबा उघडून बसली होती. सगळं ऐकून घेतलं तिने. मग विचारलं, "आम्ही येऊ. बसू. म्हणाल तर झोपू. पण नंतर खोली राहणार का?"

आणि माझ्याबरोबर आलेला ठेकेदाराचा माणूस लगेच म्हणाला, "कोणी विचारलं तर सांगायचं, रोज इथेच बसतो. दुसरं बोललात तर परत यायचं नाही."

चंपाबेन त्याच्याकडे बघतही नव्हती. माझ्याकडे बघत होती. मला माहीत होतं की समिती गेली की टेबल आत येणार. तिलाही माहीत होतं. मी तिला "विचाराधीन" म्हणू शकले नाही. म्हटलं, "नाही राहणार बहुतेक." ती म्हणाली, "सारुं. आज पहिल्यांदा सीधा जवाब दिला." आणि रोटल्याचा तुकडा माझ्यापुढे केला. मी खाल्ला.

समिती आली. नारळ, शाली, पुष्पगुच्छ, गाड्यांची रांग. कुणाला साखर चालत नाही, कुणाचे गुडघे दुखतात, कुणाला तिखट लागतं, ही सगळी माहिती माझ्याकडे असायची, कारण पाहुण्यांच्या मागे पुढे करायचं कामही माझंच. त्यांच्यात एक वयस्क खासदारबाई होत्या. कुठल्या राज्याच्या ते सांगत नाही. सुती साडी, पायांत साध्या चपला, आणि सकाळपासून एक शब्द बोलल्या नव्हत्या. आमचे मोठे साहेब पडद्यावर आकृत्या दाखवत होते तेव्हा त्यांचे डोळे मिटलेले होते. मी मनात म्हटलं, चला, यांच्याकडून तरी धोका नाही.

विश्रामगृहापाशी सगळा लवाजमा आला. सभापतींनी दारातून डोकावलं, पंखा बघितला, "बढिया" म्हणाले. आत गाद्यांवर चंपाबेन आणि सात-आठ बायका परक्या घरी आल्यासारख्या ताठ बसल्या होत्या. सगळे पुढे निघणार, एवढ्यात या खासदारबाईंनी चपला काढल्या आणि आत गेल्या. गादीवर हात फिरवून बघितला आणि म्हणाल्या, "जरा कमर सीधी कर लूं." आणि चक्क आडव्या झाल्या!

मी आत धावले. त्यांनी मला दार लोटून घ्यायला सांगितलं. बाहेर सभापती, मोठे साहेब, त्रिवेदीसाहेब, ठेकेदार, पोलीस, ड्रायव्हर, सगळे उन्हात. आत पंख्याचा आवाज. थोड्या वेळाने बाई चक्क घोरायला लागल्या. चंपाबेनने तोंडाला पदर लावला आणि सगळ्या बायका खांदे हलवून हसायला लागल्या. आणि मग, काय सांगू, त्यांतली एक हळूच आडवी झाली. मग दुसरी. बघता बघता सगळ्या पाय पसरून पडल्या. अशी कारखान्याची विश्रामगृहाची सोय खरोखर सुरू झाली. चंपाबेन तेवढी बसून होती. मी दाराला पाठ लावून उभी.

त्रिवेदीसाहेबांनी बारीक आवाजात दारातून विचारलं, "वृंदाबेन, बधुं बराबर?" मी म्हटलं, "साहेब, बाई झोपल्यात." बाहेर शांतता पसरली. साहेबांना हवी होती तीच.

बाई उठल्या, केस सारखे केले, पाणी प्यायल्या. मग सहज विचारावं तसं चंपाबेनला म्हणाल्या, "रोज यहीं आराम करती हो?"

हो म्हणाली तर खोटं कागदावर पक्कं होणार. नाही म्हणाली तर तिची रोजी जाणार. घरी नवरा दम्याने बसलेला, सगळा भार हिच्यावर. हे मला ठाऊक होतं. मी तिच्याकडे बघितलंही नाही, उगीच माझ्या डोळ्यांत तिला काही दिसायला नको म्हणून.

चंपाबेन मोडक्या हिंदीत म्हणाली, "नहीं बेन. आज पहली बार. कल वापस टेबल आ जाएगा, साहब लोग का. तुम बोलो, रहेगा के नहीं?"

बाईंनी मला काही विचारलं नाही. ओरडल्या नाहीत, वही काढली नाही. चपला घातल्या आणि बाहेर जाऊन सभापतींना सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या, "बहुत अच्छा कमरा है. ऐसा मैंने कहीं नहीं देखा." मोठे साहेब फुलले. त्रिवेदीसाहेबांनी माझ्याकडे बघून हात जोडले. मला मात्र कळेना. बाई सगळं ऐकून असं का म्हणाल्या? मला खरंच वाईट वाटलं. म्हटलं, हीसुद्धा आमच्यातलीच निघाली.

दुसऱ्या दिवशी टेबल आत आलं. आठवड्याच्या आत चंपाबेन यायची बंद झाली. ठेकेदाराने तिला विचारलं होतं, दार बंद करून काय बोललीस? तिने सांगितलं. विचारलं म्हणून सांगितलं! तिचा गेटपास काढून घेतला. बाकीच्या बायका खाली माना घालून गोण्या शिवत होत्या.

मला त्या दिवशी जेवण गेलं नाही. त्या बाईला बोलावून आणणारी मी होते. मी डबा तसाच ठेवला आणि त्रिवेदीसाहेबांच्या केबिनमध्ये गेले. म्हटलं, "साहेब, एक मोठी भानगड झाली आहे." साहेब उठूनच बसले.

"संसदेच्या समितीपुढे जो माणूस बोलतो त्याला त्याच्या बोलण्यावरून त्रास देणं म्हणजे संसदेच्या विशेषाधिकाराचा भंग. संसद जाब विचारायला बोलावू शकते. ठेकेदाराला तर बोलावतीलच, पण कारखान्याचा जबाबदार अधिकारी म्हणून..." पुढचं मी बोलले नाही. माझा सगळा जन्म अर्धी वाक्यं लिहिण्यात गेला होता, कुठे थांबायचं ते मला कळत होतं.

आता खरं सांगते. नियम आहे, तो खरा आहे. पण तो समितीपुढे रीतसर साक्ष देणाऱ्याला. गादीवर बसून मारलेल्या गप्पांना तो लागू होतो की नाही, मला तेव्हा माहीत नव्हतं. आजही नाही. पण साहेबांनाही माहीत नव्हतं, आणि दिल्लीला विचारायची त्यांची हिंमत नव्हती. विचारलं असतं तर का विचारता ते सांगावं लागलं असतं ना!

"विशेषाधिकार," साहेब पुटपुटले. "अरे बाप रे." आणि त्यांनी फोन उचलला. ठेकेदाराशी काय बोलणं झालं ते मला कळलं नाही, पण चंपाबेन परत आली. पांढऱ्या भुवया घेऊन शेडच्या दारात उभी राहिली आणि मला लांबून हात केला. मी मात्र खोलीबद्दल काही करू शकले नव्हते. आतून टेबलटेनिसचा टकटक आवाज येत होता.

काही महिन्यांनी समितीचा अहवाल आला. मी तो वाचला आणि खुर्चीत मागे टेकले. आमच्या कारखान्याच्या विश्रामगृहाची समितीने वाखाणणी केली होती. अशी सोय इतर सरकारी कारखान्यांनीही करावी अशी शिफारस होती. आणि शेवटी, ती सोय नियमित वापरात आहे याची माहिती मंत्रालयाने समितीला वेळोवेळी कळवत राहावी.

तेव्हा मला त्या बाई कळल्या. दोष काढला असता तर आम्ही त्याला शंभर उत्तरं दिली असती, माझ्यासारख्या बायका ठिकठिकाणी त्यासाठीच बसलेल्या. कौतुकाला काय उत्तर देणार? सरकारने शिफारस मान्य केली. मंत्रालयाचं पत्र आलं: विश्रामगृहाची सद्यःस्थिती कळवा, फोटोसह. संध्याकाळपर्यंत.

टेबल पुन्हा बाहेर आलं. या वेळी नळही जोडला. क्लबवाले कुरकुरले, त्यांना मी म्हटलं, "चर्चा करायची तर संसदेत जा." आणि गंमत ऐका. पुढच्याच आठवड्यात आमच्या त्या दुसऱ्या राज्यातल्या कारखान्यातून फोन आला, ज्यांचं उत्तर आम्ही ढापलं होतं. तिथला अधिकारी विचारत होता, तुमच्या त्या खोलीचा नकाशा पाठवता का? मी म्हटलं, "अहो, तुमच्याकडे तर आधीपासूनच आहे." तो आवाज खाली आणून म्हणाला, "मॅडम, आम्ही पण कुणाचं तरी उतरवलं होतं."

त्यानंतर मी निवृत्त होईपर्यंत दर काही महिन्यांनी मंत्रालय विचारायचं आणि मी कळवायची, वापरात आहे. आणि वापरात आहे असं लिहायचं तर बघून लिहायचं, हे मी स्वतःशी ठरवलं होतं. दारात जायचं, आत नजर टाकायची, नळ सोडून बघायला सांगायचं आणि परतायचं. चंपाबेन आतून म्हणायची, "आवो ने बेन, बसा तर जरा." मी म्हणायची, काम आहे. बूट काढायचा कंटाळा, दुसरं काय.

मनाला लागून राहिलेलं एकच. चंपाबेन शेवटपर्यंत ठेकेदाराचीच राहिली. ठेकेदार बदलत गेले, ती तीच. कंपनीच्या बायकांना जे मिळालं त्यातलं तिला काही मिळालं नाही. मी तेही मांडलं होतं, आणि मला माझ्याच शब्दांत उत्तर मिळालं. इतकी वाक्यं घडवली, पण तिला कायम करील असं वाक्य मला सापडलं नाही.

माझ्या निरोपाच्या दिवशी सभागृहात कार्यक्रम होता. मोठे साहेब, आता नवे, हार घेऊन यायचे होते. त्याआधी चंपाबेनने मला हाताला धरून खोलीकडे नेलं. त्रिवेदीसाहेब तर कधीच निवृत्त होऊन अमेरिकेला मुलाकडे गेले होते. म्हटलं, आज कुणाची भीती? दारातच तिला सांगून टाकलं की त्या वेळी मी जो नियम सांगून तुला परत आणलं, तो तुला लागू होता की नाही याची मलाच खात्री नव्हती.

चंपाबेन हसली. भुवया आता पावडरीशिवायही पांढऱ्या होत्या. म्हणाली, "बेन, नियम खोटा असेल. पण मी त्या दिवशी खरं बोलले होते ना? मग बस."

मग मला म्हणाली, "आज बूट काढा."

मी काढले. आत तरुण बायका होत्या, मला न ओळखणाऱ्या. एकीने सरकून जागा केली. मी त्या गादीवर पहिल्यांदा बसले, आणि चंपाबेनने खांद्याला धरून मला आडवंच केलं. पंखा मोठा केला. पाठ टेकली आणि लक्षात आलं की किती दुखत होती. त्या पोरींपैकी एकीने तिला विचारलं, "मासी, आ बेन कोण?" चंपाबेन म्हणाली, "दिल्लीने जवाब आपे छे ए." म्हणजे, दिल्लीला उत्तरं देणारी ती.

दारावर टकटक झाली. शिपाई होता. सगळे सभागृहात जमलेत, मोठे साहेब येऊन बसलेत, हार आलेत, बेनला लवकर पाठवा.

चंपाबेन दारात आडवी उभी राहिली. अख्ख्या शेडला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "बेन सूतां छे. साहेबने कहो, बेसे."

मी झोपले कुठे होते, चांगली जागी होते. पण उठले नाही.